लिफ्टची गाडी

झाडं छाटायच्या धंद्यात पहिल्यापासून दादाच वर चढत आला होता. धाकट्याने मात्र त्याला न विचारता लिफ्टची गाडी घेतली. बटण दाबलं की तिचा पाळणा माणसाला घेऊन थेट शेंड्यापर्यंत जायचा. आता चढणाऱ्याचं कामच उरणार नव्हतं. हे दादाला सांगायचं कोणत्या तोंडाने, म्हणून त्याने गाडी मित्राच्या गॅरेजमागे लपवून ठेवली.

शेवटी न राहवून एका सकाळी तोच दादाला तिथे घेऊन गेला.

दादाने गाडीभोवती एक फेरी मारली. मग पाळण्याचा कठडा हाताने हलवून पाहिला.

"चुकलं माझं, दादा. तुला आधी विचारायला हवं होतं."

"अरे, सुटलो मी. वर गेलं की हातपाय लटलटतात माझे, आज नाही, कधीपासून. बोललो असतो तर तू चढला असतास."

धाकट्याची मान आणखीच खाली गेली. दादा वर असताना त्याच्या कमरेची दोरी खाली धाकट्याच्याच हातात असायची. ती थरथरायची, आणि दर वेळी तो मनाशी म्हणायचा, वारा असेल.