ठोकळ्याखालचा कागद

गिटारवरचं सुटलेलं पिकगार्ड, म्हणजे ओरखडे अडवणारी पातळ पट्टी, पुन्हा चिकटवायला बाबांनी नेमका त्याच्याच आकाराचा लाकडी ठोकळा तासला होता. तो वर ठेवून क्लॅम्प आवळायचे. मध्ये बटर पेपर मात्र हवाच, नाहीतर बाहेर आलेल्या गोंदाने ठोकळाच चिकटून बसतो. मागच्या खेपेला बाबा तो घालायला विसरले आणि गिऱ्हाइकाच्या गिटारचा टवका उडाला.

"आता पुन्हा तसं झालं, तर कामाला हात लावायचा नाही," मुलीने बजावलं होतं.

काल क्लॅम्प आवळून बाबा हात धुवायला गेले, तेवढा वेळ तीच गिटारपाशी होती.

आज बाबा एकेक क्लॅम्प जपून सोडत होते. शेवटचा सुटला. ठोकळा अलगद हातात आला. खाली बटर पेपर होता.

"बघितलंस? म्हणे विसरतो!"

"चुकलं माझं, बाबा." तिने मान खाली घातली.

बाबांनी ऐटीत चष्म्यासाठी खिशात हात घातला. चष्म्याबरोबर बटर पेपरही बाहेर आला. काल त्यांनीच कापलेला, कोरा करकरीत.

त्यांनी तो गुपचूप परत खिशात सारला.

"पुढच्या खेपेला क्लॅम्प तूच आवळ," घसा खाकरून ते म्हणाले. "माझी मनगटं दुखतात."