मारिटचा आकडा

"बारा शब्द होते, मारिट. आठवतील तेवढे निवड. घाई नको," डोरीन म्हणाली आणि मुद्दाम खिडकीकडं वळली. आपण कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत राहिलो की पोरी बावरतात, हे तिला माहीत होतं.

मारिट पेल्कोनेन सतरा वर्षांची. शाळेच्या आइस हॉकी संघाची कर्णधार. जानेवारीत रिंगणाच्या कठड्यावर डोकं आपटून पडली, ती दोन दिवस आईलाही ओळखत नव्हती. आता एप्रिल उजाडला होता. तिची आई कॅरल पट्ट्या बांधायच्या टेबलावर अंग चोरून बसली होती. मांडीवर डोरीनसाठी आणलेली पोतित्सा होती, अक्रोडाचं सारण भरलेला घरचा गोड पाव.

"माझी परीक्षा घेतलीस ना डोरीन, तर मी तीस गुणांतच अडकेन," कॅरल कुजबुजली.

"शाळेत तरी कुठं पुढं गेली होतीस?" डोरीन म्हणाली. दोघी एका वर्गातल्या. दोघींनाही हसू आलं नाही.

दर ऑक्टोबरात, मोसम सुरू व्हायच्या आधी, डोरीन प्रत्येक खेळाडूला कॉम्प्युटरवर ही परीक्षा द्यायला लावायची. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, लाल दिसलं की बटण दाबा. शेवटी एक आकडा येतो. तो तुमच्या धडधाकट डोक्याचा आकडा. पुढं कधी डोक्याला मार बसला, तर पुन्हा तीच परीक्षा. आपला जुना आकडा गाठल्याशिवाय बर्फावर पाय ठेवायचा नाही. मारिटचा आकडा होता एकाहत्तर.

अकरा वर्षांपूर्वी डोरीन नोकरीला लागली, तेव्हा शाळेला खेळाडूंच्या दुखापती बघणारी ट्रेनर कशाला लागते हेच आमच्या गावाला कळत नव्हतं. इथं पोरी चालायला शिकायच्या आधी बर्फावर उभ्या राहतात. पडणं, आपटणं कोण मोजतो? "घोट्याला पट्टी बांधायला पगारी बाई ठेवलीय," असं कोच तिच्या तोंडावर म्हणायचा. पोराला बाहेर बसवलं म्हणून बाप हमरीतुमरीवर यायचे. डोरीन कागद पुढं करायची. "माझ्याशी भांडू नका, आकड्याशी भांडा." चेहऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. खेळायला मिळावं म्हणून पोरं हसतमुखानं खोटं बोलतात. आकडा खोटं बोलत नाही. हळूहळू कोच नरमला, गावानंही तिला मानलं. पोरं तर तिला 'डॉक' म्हणायला लागली.

मारिटला नोव्हेंबरातही एकदा डोक्याला लागलं होतं. आठ दिवसांत तिनं एकाहत्तर गाठले, आणि डोरीननं खेळायच्या परवानगीवर सही केली. त्या सहीवरच मारिट जानेवारीत खेळत होती. तेव्हापासून डोरीन मनातल्या मनात स्वतःला दोष देत होती. आपण घाई केली का? ती पुन्हा पुन्हा तो कागद काढून बघायची. आकडा बरोबर होता. तेवढ्या एका आधारावर ती रोज कामावर येत होती.

फेब्रुवारीत मारिटचे अठ्ठेचाळीस आले. मार्चमध्ये एकोणसाठ. डुलुथ शहरातले मोठे डॉक्टर म्हणाले होते, जुना आकडा आला की पोरगी बरी झाली समजा.

"झालं," मारिट म्हणाली.

डोरीन वळली. पडद्यावर हिरवी पट्टी होती आणि पट्टीखाली आकडा.

"एकाहत्तर."

"परत वाच," कॅरल म्हणाली.

"एकाहत्तर, कॅरल. बरोब्बर एकाहत्तर."

कॅरलनं तोंडावर हात दाबला. मग लेकीला अशी काही मिठी मारली की मारिट ओरडली, "आई, सोड, आता बरगड्या मोडशील!" मारिटचा बाप खाणीत दिवसपाळीवर होता. त्याला निरोप धाडायला कॅरल फोन घेऊन बाहेर पळाली. पोतित्सा टेबलावरच राहिली. डोरीननं डोळे पुसले. तीन महिन्यांचा धोंडा छातीवरून उतरला होता. तिनं परवानगीचा कागद ओढला आणि नाव लिहायला घेतलं.

"डॉक, मी ठरवलंय," मारिट म्हणाली. "कॉलेजात तुमचंच शिकणार. मग तुमची ही खुर्ची माझी."

"आधी माझी हाडं गोळा करावी लागतील."

मारिट खुदकन हसली. तिनं दाराकडं बघून घेतलं आणि आवाज उतरवला.

"आता तुमच्याच धंद्यात येणार, म्हणून सांगते. रागवायचं नाही हं. ऑक्टोबरात मी मुद्दाम चुका केल्या होत्या. चांगल्या ढीगभर. फक्त मशीनला संशय येणार नाही इतपतच. आम्ही सगळ्याच करतो. म्हणजे पुढं डोक्याला लागलं तरी आकडा सहज गाठता येतो. नोव्हेंबरात मी तशीच तर सुटले."

डोरीनचा हात थांबला.

"आणि आज?" तिनं कसंबसं विचारलं.

"आज नाही हो, शपथ!" मारिट म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "आज एकही चूक मुद्दाम केली नाही. आज अगदी जीव तोडून सोडवली."