आजींनी ब्रही काढला नव्हता

भूकंपाच्या ढिगाऱ्यातून एकट्याच वाचलेल्या आजी मदत केंद्राच्या खोलीत बसल्या होत्या. नर्सला त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून टेबलावर एआयचं दुभाषी यंत्र होतं. यंत्र काहीही म्हणो, माणसाला विचारून खात्री करायची, असा तिथला दंडक होता.

आजींनी अजून तोंडातून ब्रही काढला नव्हता. तरी यंत्र म्हणालं, "दार उघडा. जीव गुदमरतोय."

"आजी, हे तुम्ही म्हणालात?"

यंत्राने प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"आम्ही अजून आत आहोत," यंत्र म्हणालं.

केंद्राच्या साहेबांना बोलवायला नर्स उठली, पण दार हलेना. काचेपलीकडच्या व्हरांड्यातून सहकारी गप्पा मारत चालले होते. तिने दारावर थापा मारल्या, हाका मारमारून घसा कोरडा केला. एकानेही वळून पाहिलं नाही.

आजींनी मागून येऊन तिचा हात धरला. या वेळी मात्र त्या स्वतः बोलल्या, अगदी मायेनं, आणि यंत्राने ते नर्सला सांगितलं.

"ओरडू नकोस, पोरी. इथली हवा पुरवून वापरायची असते."