घरचंच औषध

"खाली राहिलंय बघ," प्रेमा म्हणाली. "तेवढं पण घे."

शलाकानं नाक दाबून पेला पुन्हा तोंडाला लावला. लिव्हरचं ते चूर्ण गरम पाण्यात कालवलं की सडक्या पाल्याचा वास सुटायचा आणि वर हिरवट साय धरायची.

"आई, ओकारी येतेय."

"येऊ दे. गिळ."

पेला रिकामा होईपर्यंत आई समोरून हलली नाही. मग वजन उतरवायच्या दोन कॅप्सूल. त्यांचे कडू ढेकर संध्याकाळपर्यंत पिच्छा सोडायचे नाहीत, मारतहळ्ळीच्या ऑफिसात भर मीटिंगमध्येसुद्धा. शलाका तरी मुकाट्यानं सगळं घेत होती, कारण तिला बाबांना आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा होता.

बाबांचं, म्हणजे उपेंद्ररावांचं स्वतःचं लिव्हर तीस वर्षांच्या दारूत गेलं होतं. सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर, मल्लेश्वरमला घर, आणि रोज संध्याकाळी बाटली. आता पोट मडक्यासारखं फुगलेलं, डोळे पिवळे, अंगाला आंबूस वास. प्रेमाचा रक्तगट जुळत नव्हता, दुसरं मूल नव्हतं. जुळला तो शलाकाचाच. तिच्या लिव्हरवर थोडी चरबी निघाली, तेव्हा डॉक्टर रंजिता म्हणाल्या, महिनाभर जेवण सांभाळा, तीन किलो उतरवा, मग ऑपरेशन करू.

"अर्ध्याहून जास्त कापून काढतात म्हणे," प्रेमानं विचारलं होतं.

"ते परत वाढतं. पण धोका अजिबात नाही, असं मी सांगणार नाही."

झालं. दुसऱ्याच दिवशी बाईसाहेब चूर्ण आणि कॅप्सूल घेऊन हजर. लिव्हर कापायचंय तर आधी ते मजबूत नको का? प्रेमाचं डोकं म्हणजे व्हॉट्सअॅपचा उकिरडा. कुणीही काहीही आणून टाकावं आणि तिनं ते घरच्यांच्या पोटात घालावं.

महिन्यानं तपासणी झाली. वजन उतरलं होतं आणि लिव्हर बिघडलं होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर आणखी बिघडलेलं.

"काही औषधं चालू आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"डोकं दुखलं की एखादी गोळी. बाकी काही नाही."

ती खोटं बोलत नव्हती. आपल्याकडे आई हातानं देते ते औषध थोडंच असतं? काढा, चूर्ण, आयुर्वेदिक कॅप्सूल, सगळं खाण्यापिण्यात जमा.

घरी बाबा उशीला टेकून वाटच बघत होते. "यंदाही नापास? गुपचूप पितेस की काय?" ते हसले, हसता हसता खोकले आणि चादरीवरच थुंकले. "मला मारायचं ठरवलंय हिनं. उगाच वाढवली."

प्रेमानं चादर निमूट पुसली. शलाकाला बाबांची किळस आली आणि किळस आल्याची लाजही वाटली. काही झालं तरी बाप होता.

"तुझं डोकं दुखतंय का गं?" आईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गोळी पुढे केली.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी बजावलं, पाणी सोडून जे जे पोटात जातं ते पिशवीत घालून आणा. शलाकानं चूर्णाचा डबा आणि कॅप्सूल टेबलावर ठेवल्या.

"हे दोन्ही? आणि वर डोकेदुखीची गोळी?"

"आयुर्वेदिक आहे, डॉक्टर."

"लिव्हरला ते कळत नाही. कॅप्सूल काय, गोळी काय, सगळ्याचा निचरा त्यालाच करावा लागतो. वरून हे चूर्ण त्याच निचऱ्याच्या आड येतं. एकेक घेतलं असतं तर कदाचित निभावलं असतं." त्यांनी डबा दूर सारला. "आता हे सुधारायला तीन महिने लागतील. तुमच्या वडिलांकडे तेवढे नाहीत. तुमचं नाव मी काढतेय."

बाहेर बाकावर प्रेमा बसली होती.

"तुझ्या अडाणीपणानं बाबा जाणार," शलाका म्हणाली. "कळतंय का तुला?"

"चुकलं माझं. मला मेलीला कुठलं एवढं समजतंय?"

त्या पडेल चेहऱ्याकडे शलाकानं पाठ फिरवली. तिला आईजवळ उभंसुद्धा राहवेना. तिनं पिशवी उचलली, रिक्षा केली आणि डब्यावर ज्याचा पत्ता होता ते दुकान गाठलं.

दुकान विठोजी नावाच्या निपाणीकडच्या म्हाताऱ्याचं होतं. शलाकानं डबा काउंटरवर आपटला.

"माझ्या आईला हे तुम्ही विकलंत. ती साधी बाई. कशाबरोबर काय द्यायचं नाही, एवढं सांगायला तुमची जीभ झडली होती का?"

विठोजींनी चष्मा चढवून डबा निरखला. "प्रेमाक्कांची मुलगी काय तुम्ही? स्वल्प बसा की."

"बसायला नाही आले मी."

"सांगितलं होतं हो मी, पहिल्याच दिवशी. हे चूर्ण, ह्या कॅप्सूल आणि डोकेदुखीची गोळी एका माणसाला देऊ नका, तपासणीत लिव्हर बिघडलेलं येतं. त्यांनी कागदावर लिहूनसुद्धा घेतलं."

"मग?"

"मग म्हणाल्या, पोरीनं घेतलं आणि नंतर बंद केलं, तर तिचं लिव्हर पुन्हा पहिल्यासारखं होतं ना? मी म्हटलं, होतं, दोन-तीन महिन्यांत. दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून. आणि मग पर्स उघडून म्हणाल्या, द्या दोन्ही."