एकाच मॉडेलचे दोन मोबाईल

“ऋतुजा, तुझी आई लई पिवळी दिसून राहिली गं,” चाकूरहून आलेला फोटो बघत महांतेश म्हणाला. ऋतुजाने आपला मोबाईल शेजारी धरला. दोन्ही एकाच दुकानातले, एकाच मॉडेलचे; पण तिच्या स्क्रीनवर आई नेहमीसारखीच दिसत होती.

“अहो, आईच्या मांडीवर बसलेली आपली शर्वीपण पिवळीच दिसतेय की तुमच्यात! आई न्हाई, तुमचं डबडंच पिवळं हाय!” हसत हसत तिने आजोळी राहिलेल्या लेकीच्या फोटोला बदाम पाठवला.

आठवड्याने डॉक्टरांनी आधी आजीची पापणी खाली ओढून बघितली, मग नातीची. एकाच हौदाचं पाणी, दोघींना कावीळ. खराब स्क्रीन ऋतुजाचा होता.



तुमचं लेकरू आजोळी असेल, तर फोटोवर जाऊ नका. आजच जाऊन डोळ्यांनी बघून या.