पोटातलं रोप
न्याहारी अर्धी टाकून शालन न्हाणीघरात धावली आणि डोळे पुसतच बाहेर आली.

“काय झालं गं?” तिच्या नवऱ्यानं, दिनकररावांनी, घाबरून विचारलं.

“अहो, लघवी झाली! इतक्या वर्षांनी!”

तिच्याच कातडीच्या पेशींपासून वाढवलेलं मूत्रपिंडाचं इवलंसं रोप डॉक्टरांनी उन्हाळ्यात तिच्या पोटात लावलं होतं. ते आता कामाला लागलं होतं.

फोनवर डॉक्टर हसल्या. “डायलिसिस लगेच थांबवायचं नाही, आधी रक्त तपासू. पण आज एक पेला पाणी जास्त प्या.”

दिनकररावांनी दोन पेले भरले. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून शालनला पाणी मोजूनच प्यावं लागे; तिची तहान चाळवू नये म्हणून ते नेहमी दाराआड पाणी पीत. आज ते तिच्यासमोर बसून घटाघटा प्यायले आणि त्यांना ठसका लागला.

“सावकाश प्या,” शालन म्हणाली. “आता लपायचं नाही.”