ढगोबाचा पंचविसावा

"याशिवाय दुसरं काहीच उरलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही आजोबा. आज शेवटचा दिवस ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "कप, उशी, मोजे, सगळं तुम्ही नेलंच आहे. दात घासायचे हे दोन ब्रश तेवढे राहिलेत."

डॉक्टरांनी ब्रशच्या केसांवरून अंगठा फिरवला. यापेक्षा पायपुसणं मऊ असतं. असल्या ब्रशपासून लोकांचे दात वाचवण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. पण वस्तू घेतली तरच कूपन, आणि कूपन असेल तरच ढगोबाची मिठी, असा नियम होता. त्यांनी ब्रश घेतला आणि तो खिशात उलटा ठेवला.

ढगोबा हा कॉम्प्युटरवरचा खेळ पंचवीस वर्षांचा झाला होता. त्यातला ढगोबा छपरांवरून चालत जातो, लोकांची हरवलेली झोप गोळा करतो आणि ज्याची त्याला परत देतो. एवढंच. मारामारी नाही, घाई नाही. तरी तो जगभर खपला. झोप सगळ्यांचीच हरवली असणार. आता वाढदिवसानिमित्त कंपनीनं महिनाभराचं दालन मांडून, ज्या ज्या वस्तूला पृष्ठभाग आहे तिच्यावर ढगोबाचं तोंड छापलं होतं.

दालनात निळा उजेड होता. छताला कापसाचे ढग टांगलेले, कुठूनतरी चावीच्या खेळण्यासारखी संथ धून. आत आलं की पावलं आपोआप हळू पडत. मधोमध खुद्द ढगोबा उभा असे: पांढरा, गुबगुबीत, पुढे दोन भलेमोठे दात. आत अर्थातच माणूस होता. ढगोबानं बोलायचं नाही आणि डोकं काढायचं नाही, हे त्याच्या करारातच होतं.

डॉक्टरांना हे न बोलणं सवयीचं होतं. त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्यालाही तोंड उघडं असल्यामुळे बोलता येत नसे. म्हणून दवाखान्यात एकच खूण ठरलेली होती: दुखलं की डावा हात वर. हात वर गेला की डॉक्टर लगेच थांबत.

महिनाभर ते रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून इथे येत होते.

"या वयात माणसाला विरक्ती येते," दुपारी जेवताना बायको म्हणाली होती. "तुम्हाला मोजे आले."

"संच पूर्ण करतोय."

"कुणासाठी? ज्याचा खेळ होता तो घर सोडून गेला. आता बापानं डाव मांडलाय."

डॉक्टरांनी आमटी वाढून घेतली. मुलाचा विषय या घरात काढायचा नाही, हा नियम त्यांनीच केला होता. मुलगा दातांचं कॉलेज अर्ध्यात सोडून नाटकात गेला, त्या दिवशी. त्याच्यासाठी दवाखान्यात घेतलेली दुसरी खुर्ची तेव्हापासून चादरीखाली होती. नियम स्वतःचाच असल्यामुळे मोडायची पंचाईतही त्यांचीच होती.

"तुझं पुस्तक संपलं का?" त्यांनी विषय बदलला.

बायको रोज सकाळी न चुकता वाचनालयात जायची. टेबलावरच्या पुस्तकातली खूण मात्र महिनाभर त्याच पानात होती. आज पुस्तकावर किरमिजी दोऱ्याचं रीळ ठेवलेलं होतं.

"जाड आहे," ती म्हणाली. मग ताटं उचलता उचलता, "आज शेवटचा ना त्याचा? जाऊन या लवकर. रांग असेल."

पेपरात वाचलं असेल, असं डॉक्टरांना वाटलं.

आता रांग सरकत होती. उद्या ढगोबा दुसऱ्या शहरात, पुढच्या महिन्यात तिसऱ्या. डॉक्टरांनी मनात जुळवलेली वाक्यं पुन्हा एकदा तपासली. पुढे दोन पोरांच्या मधल्या वेळात ढगोबा बगळ्यासारखा एका पायावर उभा होता. कालपर्यंत लोंबणारा त्याचा कान आज शिवलेला होता, किरमिजी दोऱ्यानं. टाके सुबक होते. डॉक्टरांनी मनातल्या मनात पसंती दिली.

त्यांची पाळी आली. ते त्या कापसाळ मिठीत शिरले. रोज ते गप्प राहत.

"एका पायावर उभं राहायची खोड काही गेली नाही तुझी," ते म्हणाले.

मिठी एकदम ताठरली.

"बोलू नकोस. नोकरी जाईल." डॉक्टर त्या शिवलेल्या कानाशी कुजबुजत होते. "पहिल्याच दिवशी काचेतून ओळखलं तुला. ती खुर्ची विकून टाकतो मी. तू खुर्चीसाठी नको येऊस. जेवायला ये. त्या दिवशी मी जे बोललो, ते..."

वाक्य काल रात्रीपर्यंत पूर्ण होतं. आता शेवटचा भाग सापडेना.

ढगोबाचा जाड, पांढरा, डावा पंजा हळूहळू वर गेला.

डॉक्टर लगेच थांबले.  मिठीचे फोटो काढणाऱ्या माणसानं, रांग सरकावी म्हणून, खाकरून पाहिलं.

"बरं," शेवटी डॉक्टर म्हणाले. "राहता राहिली तुझी आई. तिला कुठल्या तोंडानं सांगू, तेवढं सुचत नाही. तिच्यासमोर तुझं नाव काढायची सोय मी ठेवलेली नाही."

आणि पाठीमागून, त्या संथ सुरांच्या वर, काउंटरवरच्या मुलीचा आवाज आला: "अय्या आजी, तुम्ही आज पुन्हा? रोज तर सकाळी एकदाच येता. बघा हं, आता हा एक ब्रशच राहिलाय."